बिनकडीच्या घरातलं वायफाय

१

पुण्याच्या कंपनीची मेल आली तेव्हा मी तुरी निवडत बसले होते. वाचली आणि सूप तिथंच टाकून उठले. ओसरीभर तुरी झाल्या, पण फिकीर कुणाला! नोकरी! लग्नानंतर सात वर्षांनी, सास्तूरसारख्या गावात, तीही घरबसल्या! डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी कानाला लावायच्या आणि टाईप करायच्या. माझी बी.एस्सी.ची पदवी पेटीत शालूखाली घडी होऊन पडली होती. तिला एकदाचं ऊन दिसणार होतं.

अट एकच होती. रोग्यांची माहिती खाजगी असते, म्हणून घरचं वायफाय सुरक्षित पाहिजे. पासवर्ड बदला, आणि शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत वायफायला जोडलेल्या डिव्हाइसांच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवा. यादीत दोनच नावं दिसली पाहिजेत, कंपनीचा लॅपटॉप आणि माझा फोन. तिसरं दिसलं तर काम दुसऱ्या बाईला जाणार होतं.

माझे मालक, रणधीर, हंगामात ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांना फोन लावला. ट्रॅक्टरच्या धडधडीत ते ओरडले, "मंग लाव की कुलूप! तुला काय अवघड हाय?"

आता गंमत बघा. ज्या घराला मी कुलूप लावायला निघाले होते, त्या घराला एकही कडी नाही. भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं हे घर. मधली खोली, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, पुढं ओसरी. ताबा मिळाला त्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी, सारजाबाईंनी, सुतार बोलावून सगळ्या दारांच्या कड्या उपटून घेतल्या. न्हाणीचीसुद्धा! दारांवर स्क्रूची भोकं अजून आहेत. नवी नवरी होते तेव्हा कुणी आत येऊ नये म्हणून मी न्हाणीत मोठमोठ्यानं गाणी म्हणत अंघोळ करायचे. सात वर्षांत गळा चांगला तयार झाला. कड्या का काढल्या ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भूकंप बघितलेलं माणूस, पटकन बाहेर पळता यावं एवढंच असेल, असं मी धरून चालले होते.

बिनकडीच्या घरात राहून माणसाचा हातही तसाच सैल होतो. दिवाळीत फायबर जोडून घेतला तेव्हा वायफायचा पासवर्ड मी खडूनं दाराच्या चौकटीवर लिहून ठेवला होता. गल्लीतलं कुणी आलं तर सारखं सांगत बसायला नको!

२

गुरुवारी सकाळी कंपनीनं पाठवलेल्या पायऱ्या वाचत वाचत लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवलेली. आत गेले आणि उडालेच. जोडलेली डिव्हाइस: चौदा.

चौदा! शेजारच्या हणमंतप्पा काकांचा टीव्ही. समोरच्या प्रेमाबाईंचा कॅमेरा. गिरणीवाल्याचे दोन फोन. अख्खी गल्ली माझ्या घरात मांडी घालून बसली होती आणि मला पत्ता नव्हता. मला तर हसूच फुटलं. आपल्या घरातलं इतकं काही आपल्याला दिसत नसतं आणि एका पानावर सगळं दिसतं, याचीच मला भारी मजा वाटली.

नवा पासवर्ड ठेवायचा होता. आमच्या गल्लीत कुणाचाही फोन उघडायचा असेल तर ३००९९३ मारून बघा, दहातले आठ उघडतील. भूकंपाची तारीख. लोकांना पोरांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण ही विसरत नाही. कंपनीनं मात्र लिहिलं होतं की कुठलीही तारीख चालणार नाही. मी बारा आकडे मनानंच जुळवले, टाकले आणि यादीकडं बघत बसले. टीव्ही गेला. कॅमेरा गेला. गिरणी गेली. एकेक नाव गळायला लागलं तशी मी टाळ्या पिटल्या.

पाच मिनिटांत हणमंतप्पा काका दारात. "सूनबाई, वायफाय गेलं का वो? मालिका मधीच अडकली."

"काका, मला नोकरी लागलीय. आता सगळ्यांना बंद."

"नोकरी? मंग ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." जाता जाता त्यांनी चौकटीकडं बघितलं. "खडूचं पुसलं व्हय? बरं केलं."

परत येऊन यादी बघितली. तीन नावं. लॅपटॉप, माझा फोन आणि एक अनोळखी. त्याला नाव नव्हतं, कंपनी नव्हती. पुढं सिग्नलची एकच बारीक काडी, म्हणजे लांब कुठंतरी. मी पासवर्ड पुन्हा बदलला. लॅपटॉप तुटला, फोन तुटला. अनोळखी तिथंच होतं.

३

शुक्रवारी फायबर जोडून देणाऱ्या गौरीशंकरला फोन लावला. तो लोहाऱ्याचा, तोंडानं गोड.

"वहिनी, जुनी नोंद चिकटून बसली असंल. मागं बारीक भोक हाय, त्यात पिन घालून दहा आकडं मोजा. समदं कोरं हुतंय. मंग लॅपटॉपला वायर लावून पयल्यापास्नं करा."

बांगडीतली पिन काढली, भोकात घातली आणि मोठ्यानं दहापर्यंत मोजलं. राउटरचे दिवे गेले. घर एकदम गप्प झालं. ते यंत्र बारीक घूं करतं हे बंद पडल्यावरच कळलं. मग दिवे एकेक करून परत आले. मी लॅपटॉपला वायर लावली आणि पान उघडलं. सगळं कोरं. वर लिहिलं होतं, वायफाय बंद आहे, सुरू करण्यासाठी पासवर्ड ठेवा. खाली यादी रिकामी. मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका.

नवे बारा आकडे टाकायला लागले. अकरा झाले. बारावा टाकायला बोट उचललं आणि खालच्या रिकाम्या यादीत एक ओळ आली. अनोळखी. वायफायनं जोडलेलं. आता दोन काड्या.

वायफाय अजून सुरूच नव्हतं. बारावा आकडा माझ्या बोटातच होता.

ओळीच्या टोकाला किती वेळ जोडलेलं आहे तेही दाखवतात. तिथं होतं: ११७६१ दिवस.

मी गौरीशंकरला पुन्हा फोन लावला. तो खदाखदा हसला. "वहिनी, घड्याळ येडं झालंय त्याचं! राउटर दोन महिन्याचा हाय, अकरा हजार दिस कुठनं येतील?" मीही हसले. खरंच की, यंत्रच ते, चुकणारच. फोन ठेवल्यावर मी बारावा आकडा टाकून वायफाय सुरू केलं आणि ते दिवस पुन्हा बघितले. ढोबळ चूक असती तर आकडाही गोल आला असता, असं उगाच वाटून गेलं.

४

मला भीती नव्हती वाटत, खरं सांगते. उलट चेव चढला होता. कोण आहे हे चोरटं, दाखवतेच! काड्या वाढल्या म्हणजे ते राउटरच्या जवळ आलं. घरातच कुठं जुना फोन चालू राहिला असेल. राउटर मधल्या खोलीत, भिंतीवर, लोखंडी पेटीच्या वर. मी पेटी उपसली. गोधड्या झाडल्या. फडताळ रिकामं केलं. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन, गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. काही सापडलं नाही. घाम पुसून फोनवर यादी बघितली तर तीन काड्या. मी जागची हलले नव्हते आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"काय हुडकतीस गं, शिवा?" सारजाबाई दारात उभ्या होत्या.

"आत्याबाई, आपल्या वायफायमध्ये कुणीतरी घुसलंय. त्याला आत येऊ द्यायचं नाही. म्हणून पासवर्ड लावतेय."

"पासवर्ड मंजी?"

मी सोपं करून सांगायला गेले. "कडी म्हणा की. आपण लावायची, म्हणजे दुसऱ्याला उघडता येत नाही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मी उठून उभीच राहिले. "ह्या घरात कडी लावायची न्हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, ती खरी कडी नव्हं."

"कसली बी. लावायची न्हाय."

मला राग आला. सात वर्षांत पहिल्यांदा माझं स्वतःचं काही होत होतं आणि ते एका म्हाताऱ्या हट्टापायी जाणार होतं! त्या पेटीवर बसल्या आणि राउटरच्या दिव्यांकडं बघत राहिल्या. संध्याकाळचं जेवणही त्यांनी तिथंच मागून घेतलं आणि तसंच ठेवलं.

५

शनिवारी दुपारभर मी पानातला प्रत्येक कोपरा धुंडाळला आणि साडेचारला मला ते बटण सापडलं. अनोळखीच्या ओळीवर बोट दाबून धरलं की खाली येतं: ब्लॉक करा. इतकं सोपं! चार काड्या भरलेल्या होत्या, म्हणजे राउटरला अगदी खेटून. मी ब्लॉक दाबलं.

ओळ गेली. यादीत दोन नावं. मी जागच्या जागी उडी मारली. "आत्याबाई, झालं! लागली नोकरी!"

त्या पेटीवरच होत्या. वळल्या नाहीत. त्यांनी बोट वर केलं.

राउटरचा शेवटचा दिवा एरवी सारखा लुकलुकतो. आता तो तीनदा लुकलुकला आणि थांबला. पुन्हा तीनदा, पुन्हा थांबला. मी लॅपटॉपवर राउटरच्या नोंदींचं पान उघडलं. अनोळखी डिव्हाइसला नकार. नकार. नकार. मग चार सेकंद काही नाही. मग पुन्हा तीन नकार.

"कोण हाय ते ठावं हाय मला," सारजाबाई म्हणाल्या. त्यांचा तळवा भिंतीवर टेकलेला होता. "राजी हाय."

राजी म्हणजे राजेश्वरी, माझी नणंद. नऊ वर्षांची होती, भूकंपात गेली. तिचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे. एवढंच मला माहीत होतं.

"गणपती बुडवायची रात हुती," त्या दिव्यावरची नजर न काढता सांगायला लागल्या. "तिला मिरवणुकीत जायचं हुतं. दोनदा पळून गेली, दोनदा वढून आणली. रणधीर तान्हा, तापानं फणफणलेला, मी त्याला घिऊन अंगणात निजणार. मंग तिला जुन्या घरातल्या मधल्या खोलीत घातलं आन् भायेरनं कडी लावली. म्या लावली. पहाटं समदं बसलं." दिवा तीनदा लुकलुकला. "दगडाखालनं थापा यायच्या. तीन, आन् थांबायची. तीन, आन् थांबायची. तुझ्या सासऱ्यानं हातानं दगडं उपसली. दीड दिस थापा चालल्या. मंग बंद पडल्या."

माझ्या हातातल्या फोनवर मी नकळत भागाकार केला होता. अकरा हजार सातशे एकसष्ट. बत्तीस वर्षं आणि वर अडीच महिने.

"आत्याबाई," मी विचारलं, "पण मग ती आत यायला का धडपडतेय?"

"आत यायला न्हवं गं. भायेर यायला."

६

पाचाला दहा कमी होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, आनंदही होत होता. यादीत दोनच नावं होती. मी स्क्रीनशॉट काढला आणि पाठवून दिला. एका सेकंदात कंपनीच्या मॅडमचं उत्तर आलं: अभिनंदन, सोमवारपासून सुरू.

मग मी ब्लॉक काढलं.

घरात कडी सरकल्याचा आवाज झाला. गंजलेली लोखंडी कडी, जोर लावून, अडकत अडकत मागं ओढल्याचा. ज्या घरात पहिल्या दिवसापासून कडी नाही तिथं हा आवाज कानाला इतका अनोळखी वाटला की पहिल्यांदा मला तो ट्रॅक्टरच्या खटक्याचा वाटला. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं दार लोटलेलं होतं. ते दोन बोटं उघडलं. फटीत खाली, माझ्या कंबरेपेक्षाही खाली, दाराच्या कडेला चार बोटं आली. लहान. नखांत पांढरी माती.

"तू भायेर जा," सारजाबाई म्हणाल्या. मी गेले. ओसरीत बसून मी ऊन बघत राहिले. आतून सारजाबाईंचा आवाज येत होता. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण सात वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

७

माणूस कशालाही सरावतं. सोमवारी मी कामाला बसले आणि मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं! मॅडम म्हणाल्या, तुमच्या चुका सगळ्यांत कमी. मी बाहेरच्या खोलीत टाईप करायचे आणि मधल्या खोलीतून गजगे उडवून झेलल्याचा आवाज यायचा. सारजाबाई तीन ताटं करायच्या. मी कधी आत डोकावले नाही. पासवर्ड, ब्लॉक, नोंदी, मला सगळं येत होतं, गौरीशंकरच आता मला विचारायचा. मी गावात जरा ताठ मानेनंच चालायचे.

कंपनीचा नियम होता, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नवा स्क्रीनशॉट. मला त्याचं काही वाटलं नाही. एक मिनिट ब्लॉक करायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं. एका मिनिटानं काय होतंय?

जानेवारीतल्या त्या शनिवारी दुपारी चारला मी ब्लॉक दाबलं, स्क्रीनशॉट काढला, पाठवला. थापा पडल्याच. या वेळी दिव्यात नाही, दारावर. तीन बारीक. आणि त्यांच्या मागोमाग तीन जड.

मी स्वयंपाकघरात धावले, मग ओसरीत. सारजाबाई कुठंच नव्हत्या. त्या मधल्या खोलीत होत्या आणि मी न बघताच दाबलं होतं! मी मधल्या खोलीचं दार ढकललं. ज्या दाराला कडी नाही ते दार तसूभर हललं नाही. "आत्याबाई!" आतून फक्त थापा. मी फोन काढला, घामानं बोट पडद्यावर सरकत होतं. ब्लॉक काढा. गोल फिरायला लागला. कृपया थांबा. गोल फिरत राहिला. थापा हळू झाल्या. मग फक्त जड तीन ऐकू यायला लागल्या. मग त्याही थांबल्या.

कडी सरकली. दार उघडलं.

सारजाबाई दाराशीच जमिनीवर बसल्या होत्या. ओठ फुटलेले, केसांत पांढरी धूळ, दोन्ही तळवे सोलून निघालेले. मी तांब्याभर पाणी दिलं, त्या एका घोटात प्यायल्या. आणखी मागितलं. तेही प्यायल्या.

"चुकलं माझं," मी रडत होते. "एकच मिनिट लागलं. खरंच, एकच मिनिट."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. "मिनिट न्हवं, शिवा," त्या म्हणाल्या. "दीड दिस."

पहिल्या शनिवारी मी वीस मिनिटं लावली होती. तो गुणाकार मी केला नाही.

फोन वाजला. मॅडमची मेल होती. स्क्रीनशॉट अस्पष्ट आला आहे, कृपया पाचच्या आत पुन्हा पाठवा. मी ती मेल दोनदा वाचली. मग लिहिलं, मला जमणार नाही, लॅपटॉप सोमवारी परत पाठवते. एवढी आवडती गोष्ट मी आयुष्यात दुसरी सोडलेली नाही.

लॅपटॉप मिटला. फडताळातून खडू काढला. मधल्या खोलीचं दार आता लोटलेलं होतं आणि पलीकडं कुणीतरी दाराला टेकून उभं होतं, खालच्या फटीत सावली दिसत होती. मी गुडघ्यावर बसले आणि चौकटीवर खालच्या अंगाला, नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांपुढं येईल एवढ्या उंचीवर, पासवर्ड लिहायला लागले. एकेक आकडा मोठा, सुटा, शाळेत काढतात तसा.

आतून कुणीतरी तो माझ्याबरोबर वाचत होतं. लहान आवाज, चौथीतल्या पोरी पाढे म्हणतात तसा, ठसक्यात. सात. दोन. नऊ. मी लिहीत गेले, तो आवाज वाचत गेला.

अकरा आकडे झाले. बारावा मी अजून लिहिला नव्हता, तेव्हा आतून तो वाचून झाला होता.